हरणं रोपं खातात, मग जंगलाला कुंपण घालावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हरणं आणि इतर शाकाहारी प्राणी कोवळी रोपं खाऊन टाकतात, त्यामुळे जंगलात नवीन झाडं उभीच राहत नाहीत. दुसरीकडे, हे प्राणी नसतील तर जंगलच बिघडतं असंही तुमच्या वाचनात आलंय. मग खरं काय, आणि सगळ्या जंगलाला कायमचं कुंपण घातलं तर ते सावरेल का?

कुंपणाचं उत्तर आधी देतो. लहान तुकड्यांना, ठरावीक वर्षांसाठी घालायचं असेल तर जरूर घाला. सगळीकडे आणि कायमचं घालू नका. कारण सांगायला मात्र बरंच लिहावं लागेल.

उष्ण कटिबंधातल्या पावसाळी जंगलांत वर्षभरात पानांचा साधारण दहावा हिस्सा कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातो, आणि त्यात मोठा वाटा किड्यांचा असतो. वाढलेल्या झाडाला एवढं सहज परवडतं. मध्यम आकाराच्या हरणाचं तोंड जमिनीपासून साधारण दीड मीटरपर्यंत पोचतं. त्या उंचीत मोठ्या झाडाचा फक्त बुंधा असतो, पण पुढच्या पन्नास-शंभर वर्षांची सगळी झाडं तिथेच उभी असतात. त्यामुळे किलोत मोजलं तर नगण्य वाटणारं खाणं जंगलाच्या पुढच्या पिढीच्या दृष्टीनं फार मोठं ठरतं. किती पाला खाल्ला गेला यापेक्षा कोणत्या जातीचं, किती वयाचं रोप आणि कोणत्या हंगामात खुडलं गेलं, हे विचारायला हवं.

रोपाच्या शेंड्याच्या कळीतून ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली उतरतं आणि बाजूच्या कळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा खुडला की या कळ्या मोकळ्या होतात आणि चार-पाच फुटवे येतात. एकदाच खुडलं असेल तर त्यातला एक फुटवा पुढे सरसावून खोड होतो. फार तर बुंध्याला बाक राहतो. दरवर्षी खुडलं गेलं तर रोप गुडघ्याएवढंच राहतं, मुळं मात्र जाड होत जातात. म्हणून चराईच्या जंगलात उंचीवरून रोपाचं वय ठरवू नका. मांडीएवढं दिसणारं रोप पंधरा-वीस वर्षांचं असू शकतं; ज्या जाती दरवर्षी एक वलय धरतात त्यांत जमिनीलगत आडवा काप घेऊन वलयं मोजली की खरं वय कळतं. अशी रोपं ‘वाया गेलेली’ समजून उपटणारे लोक मी पाहिलेत, आणि ते पाहून वाईट वाटतं. ती जिवंत असतात. चार-पाच वर्षं तोंडापासून सुटका झाली तर साठवलेल्या मुळांच्या जोरावर ती झपाट्यानं वर जातात. नव्यानं आणून लावलेल्या रोपापेक्षा अशा खुरटलेल्या रोपावर माझा भरवसा जास्त आहे.

रोपही मुकाट्यानं खाऊ देतं असं नाही. जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी बीच आणि मेपल या झाडांच्या रोपांच्या कळ्या नुसत्या कापून पाहिल्या, आणि काही कापांवर रो-हरण या लहान युरोपीय हरणाची लाळ लावून पाहिली. नुसत्या कापाला रोपानं फक्त जखमेसारखा प्रतिसाद दिला. लाळ लागल्यावर मात्र बचावाचा इशारा देणारं सॅलिसिलिक आम्ल वाढलं, पानं तुरट करणारी टॅनिनं वाढली आणि उरलेल्या कळ्यांना वाढीची संप्रेरकं मिळाली. वारा-पावसानं मोडलं की हरणानं खाल्लं, हे रोपाला कळतं.

कुंपणावर खर्च करण्याआधी रोप कुणी खाल्लं ते नक्की करा. हरणांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांत डहाळी धरून ती ओढतात, त्यामुळे टोक फाटलेलं आणि तंतू लोंबत असलेलं दिसतं. सशाचा काप स्वच्छ आणि तिरका असतो. साळिंदरं आणि उंदीर साल कुरतडतात तेव्हा लाकडावर दातांचे समांतर ओरखडे राहतात. नरानं शिंगं घासली असतील तर सालीच्या चिंध्या लोंबतात, पण दातांची खूण सापडत नाही. हरणांसाठी घातलेल्या कुंपणाच्या जाळीतून ससा आरामात आत जातो. आत त्याला शिकाऱ्यांची भीतीही कमी, तेव्हा आधीपेक्षा जास्त नुकसान होऊ शकतं.

सालीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. पानांत तयार झालेली साखर मुळांकडे नेणाऱ्या वाहिन्या सालीच्या आतल्या थरात असतात. पाणी वर चढतं ते लाकडातून. साल बुंध्याभोवती पूर्ण वर्तुळात गेली तरी वर पानं हिरवी राहतात आणि खाली मुळं उपाशी मरू लागतात. झाड वाळायला कधी कधी एक-दोन हंगाम जातात. तोवर साल कुणी खाल्ली हे सगळे विसरलेले असतात आणि खापर दुष्काळावर फुटतं.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे निवडीकडे येतो. हरीण समोर येईल ते खात नाही. चवीची रोपं आधी, तुरट-काटेरी नंतर, विषारी जवळपास कधीच नाही. याचा परिणाम उत्तम रीतीनं मोजला गेला तो अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, अ‍ॅलेगेनी पठारावर. पांढऱ्या शेपटीची हरणं तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकारीमुळे जवळपास संपली होती. पुढे शिकारीवर बंधनं आली, लांडगे आणि पुमा (मांजरकुळातला मोठा शिकारी प्राणी) आधीच संपलेले होते, आणि तोडलेल्या जंगलात कोवळा पाला भरपूर होता. हरणांची संख्या भराभर वाढली. संशोधकांनी कुंपणं घालून आत दर चौरस किलोमीटरला साधारण ४, ८, १५ आणि २५ हरणं राहतील असे तुकडे केले आणि दहा वर्षं नोंदी ठेवल्या. हरणं वाढत गेली तशा रोपांच्या जाती कमी झाल्या, उंची घटली आणि नेचे, गवत व काळी चेरी यांचं राज्य आलं. काळ्या चेरीच्या पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, त्यामुळे हरणं तिच्या वाटेला कमी जातात. मधल्या थरात घरटी करणारे पक्षीही ८ च्या पुढच्या घनतेला घटले. त्यांचं घरटं कुणी खाल्लं नव्हतं, घरटं बांधायचा थरच उरला नव्हता.

या पठारावरचा धडा इथेच संपत नाही. नेच्यांची जाड गादी एकदा बसली की तिच्या सावलीत रोपं उगवत नाहीत, उगवली तरी तिच्या आडोशाला राहणारे उंदीर बी आणि कोंब फस्त करतात. मग हरणं कमी केली तरी जंगल आपोआप मागे फिरत नाही. नेचे काढावे लागतात, किंवा दशकानुदशकं थांबावं लागतं. म्हणूनच चराई जास्त झाल्याची लक्षणं दिसली की लवकर हात घालावा असं मी आग्रहानं सांगतो. जमीन हिरवीगार दिसते म्हणून निश्चिंत राहणारे हमखास फसतात. हिरवं काय आहे, ते वाकून पाहावं लागतं.

निवडीचा परिणाम मातीपर्यंत जातो. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूस, म्हणजे हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी, येऊन पोचला. अ‍ॅस्पेन, बर्च, बाल्सम फर ही झाडं त्याचं खाद्य. स्प्रूस या सुयांसारख्या पानांच्या झाडाला तो सहसा तोंड लावत नाही. त्यामुळे स्प्रूस वाढला. त्याच्या सुया राळयुक्त आणि नायट्रोजनला गरीब, म्हणून कुजायला फार वेळ घेतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस घातलेल्या कुंपणांच्या आत-बाहेर अनेक वर्षांनी माती तपासली तेव्हा बाहेरच्या, म्हणजे मूस चरत असलेल्या मातीत, झाडांना मिळू शकणारा नायट्रोजन कमी निघाला. मूसची लीद आणि मूत्र खत म्हणून पडत होतंच, पण पाचोळ्याच्या बदललेल्या प्रतीनं ते पुसून टाकलं. शाकाहारी प्राणी माती सुपीक करतात हे विधान गवताळ प्रदेशात बरेचदा खरं असतं. थंड सूचिपर्णी जंगलात ते उलटंही पडतं.

याच बेटावर १९५८ पासून लांडगे आणि मूस यांचा सलग अभ्यास चालू आहे. लांडगे भरपूर असलेल्या काळात बाल्सम फरच्या खोडातली वलयं जाड, लांडगे घटले की बारीक, असा मेळ वलयांच्या अभ्यासात दिसला. आंतरप्रजननामुळे २०१८ पर्यंत तिथे दोनच लांडगे उरले आणि मग बाहेरून नवे आणून सोडावे लागले. शिकारी अजिबात नसतील तर काय होतं, याचं त्याहून ठसठशीत उदाहरण व्हेनेझुएलातलं. गुरी धरणाच्या जलाशयात १९८६ पर्यंत डोंगरमाथ्यांची बेटं झाली. लहान बेटांवर जॅग्वार, पुमा, मोठे गरुड टिकले नाहीत. पानं खाणारी हाउलर माकडं, इग्वाना आणि पानकापी मुंग्या यांची घनता मुख्य भूमीच्या दहा ते शंभर पट झाली, आणि छताच्या झाडांची रोपं जवळपास दिसेनाशी झाली. यात मुंग्यांचं नाव वाचून आश्चर्य वाटत असेल तर वाटू नये. लॅटिन अमेरिकेच्या जंगलांत पानकापी मुंग्या हे सर्वांत जड हाताचे शाकाहारी आहेत.

इथे कुणीतरी अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचं नाव काढणारच. १९९५-९६ मध्ये लांडगे परत आणले, एल्क ही मोठी हरणं कमी झाली, विलो आणि अ‍ॅस्पेन वाढले, नद्यासुद्धा बदलल्या, अशी ती गोष्ट. तिचा पहिला भाग बराच खरा आहे. शेवटचा भाग जरा जास्त गोड आहे. लांडगे नसलेल्या सत्तरेक वर्षांत एल्कनी ओढ्याकाठचे विलो खाल्ले, विलो गेल्यामुळे ओढ्यांना बांध घालणारे बीव्हर हे प्राणी गेले, त्यांचे बांध गेले, ओढे खोल गेले आणि भूजल खाली उतरलं. तिथल्या प्रयोगांत नुसतं कुंपण घालून विलो फारसे उंच झाले नाहीत. कृत्रिम बांध घालून पाणी वर आणलं तेव्हाच ते नीट वाढले. लांडगा ओढ्याला बांध घालत नाही. शिवाय एल्क घटण्यात माणसाची शिकार, अस्वलं आणि पुमा यांचाही हात होता.

आतापर्यंत वाचून प्राणी हटवावेत असंच वाटेल, म्हणून आता उलट बाजू.

पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटी या गवताळ प्रदेशात १८९० च्या सुमारास बुळकांड्या आला. गुरांचा हा रोग विल्डबीस्ट (कळपानं राहणारं मोठं आफ्रिकी कुरंग) आणि रानम्हशींनाही व्हायचा. कळपच्या कळप संपले. विसाव्या शतकाच्या मध्यात आसपासच्या गुरांना लस दिली आणि १९६० च्या दशकात रोग विल्डबीस्टमधून नाहीसा झाला. अडीच-तीन लाखांवर असलेली त्यांची संख्या १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांच्या घरात गेली. एवढी तोंडं वाढल्यावर झाडं कमी व्हायला हवी होती, पण ती वाढली. विल्डबीस्ट गवत खातात. उंच वाळकं गवत उरलं नाही, वणवे आक्रसले, आणि आगीत दरवर्षी जळणारी रोपं वर निघाली. गवत चरणारे आणि पाला खुडणारे हे दोन वेगळे हात आहेत. ‘शाकाहारी’ या एका नावाखाली त्यांना कोंबलं की निष्कर्ष चुकतोच.

केनियातला एक प्रयोग तर कुंपणाच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. तिथे व्हिसलिंग थॉर्न नावाची बाभूळ आपल्या फुगीर काट्यांत मुंग्यांना घर देते, मध देते, आणि मुंग्या पाला खाणाऱ्यांच्या तोंडाला चावून झाडाची राखण करतात. १९९५ मध्ये काही तुकड्यांभोवती कुंपण घालून हत्ती, जिराफ आणि इतर मोठे प्राणी बाहेर ठेवले. दहा वर्षांनी झाडांनी मुंग्यांवरचा खर्च कमी केलेला दिसला: मध कमी, फुगीर काटे कमी. राखण करणाऱ्या मुंग्या घटल्या आणि त्यांची जागा दुसऱ्या जातीनं घेतली. ही जात खोड पोखरणाऱ्या भुंग्यांच्या बिळांत राहते, त्यामुळे भुंग्यांचं चांगलं फावलं. कुणीही न खाल्लेली ती झाडं हळू वाढू लागली आणि जास्त मरू लागली. लाखो वर्षं तोंडांच्या सोबतीनं घडलेल्या झाडाला अचानक एकटं सोडलं की असं होऊ शकतं.

उलट, ज्या झाडांनी तोंड कधी पाहिलंच नाही, त्यांची गत वेगळी. अटलांटिकातल्या सेंट हेलेना बेटावर १५१३ मध्ये शेळ्या सोडल्या गेल्या. तिथल्या झाडांकडे ना काटे होते ना पुरेशी विषं. जंगलं गेली, माती वाहून गेली. त्या बेटाचा खास एबनी नामशेष समजला जात होता. १९८० मध्ये त्याची दोन झुडपं सापडली, तीही शेळ्या पोचत नाहीत अशा कड्यावर. अशा ठिकाणी कायमचं कुंपण किंवा प्राणी पूर्ण हटवणं, दोन्हीला माझी हरकत नाही.

हत्तींच्या बाबतीत मत बनवताना घाई करू नका. मध्य आफ्रिकेतले वनहत्ती हलक्या लाकडाची, भरभर वाढणारी लहान झाडं खाऊन-मोडून विरळ करतात आणि जड लाकडाच्या झाडांचं मोठं बी दूरवर नेतात. काही बिया पन्नास किलोमीटरपलीकडे पोचल्याच्या नोंदी आहेत. हत्ती नाहीसे झाले तर तिथल्या जंगलाच्या जमिनीवरच्या भागातला कार्बन सुमारे ७ टक्क्यांनी घटेल, असा संगणकी प्रतिमानांचा अंदाज आहे. बोत्स्वानात चोबे नदीकाठी मात्र हत्ती वाढले तशी मोठी बाभळवनं मोडून पडली आणि हळहळ व्यक्त झाली. पण ती वनं रुजली होती ती हस्तिदंतासाठी हत्ती मारले गेले आणि बुळकांड्यानं बाकीचे प्राणी नेले त्या काळात. म्हणजे जपायचं ‘मूळ’ रूप म्हणून जे मनात होतं, तेच एका अपघातातून उभं राहिलेलं होतं.

किड्यांबद्दल थोडक्यात, कारण प्रश्न हरणांचा आहे. केरळातल्या निलंबूरच्या सागवनात दोन अळ्यांची तुलना झाली. एक अळी नवी पालवी फुटताच सगळी पानं खाते. तिच्यामुळे लाकडाच्या वाढीचं सुमारे ४४ टक्के नुकसान झालं. दुसरी पानांची चाळण करते, जंगल करपल्यासारखं दिसतं, पण ती पानगळीच्या तोंडावर येते. वाढीवर तिचा लक्षणीय परिणाम आढळला नाही. पाहणाऱ्याला दुसरीच जास्त भयानक वाटते. आणि काही किडे झाडांची विविधताही राखतात. १९७० आणि ७१ मध्ये जॅन्झेन आणि कॉनेल या परिसंस्थेच्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे मांडलं की आईझाडाजवळ त्या जातीवर जगणारे शत्रू जमतात, जवळची रोपं मरतात आणि जागा दुसऱ्या जातीला मिळते. एकाच जातीनं सगळं जंगल व्यापू नये, यात या खाणाऱ्यांचा वाटा आहे.

तर आता तुमच्या जंगलात काय करायचं. आधी दोन सारखे चौकोन निवडा, दहा बाय दहा मीटरचे पुरतात, पण अशा जोड्या किमान पाच-सहा हव्यात, वेगवेगळ्या उतारांवर. प्रत्येक जोडीतल्या एकाला कुंपण, दुसरा उघडा. कोणता चौकोन कुंपणात जाणार ते चिठ्ठी टाकून ठरवा; नाहीतर हात आपोआप चांगल्या तुकड्याकडे जातो. कुंपण घालण्यापूर्वीच दोन्हींतली रोपं जातीनुसार आणि उंचीच्या गटांनुसार मोजा: घोट्याखाली, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, तोंड पोचते त्या उंचीच्या वर. एकूण संख्येपेक्षा गुडघा ते दीड मीटर हा गट महत्त्वाचा आहे. खाली शेकडो रोपं आणि या गटात कुणीच नाही, असं चित्र असेल तर चराईचा संशय पक्का धरा. एखादीच चवीची जात त्या गटातून गायब असेल तर हरणांची संख्या फार नसेल, निवड मात्र कडक आहे. तिथे त्या जातीच्या रोपांपुरती काटेरी फांद्यांची वई केली तरी भागतं. नैसर्गिक काटेरी जाळ्या असतील तर त्या साफ करू नका, त्यांच्या पोटात रोपं फुकट जपली जातात.

तीन वर्षांआधी निष्कर्ष काढू नका. फरक दिसला की कुंपणाचे तुकडे वाढवा, पण जंगलाच्या थोड्या भागावर, आणि शेंडे तोंडाच्या वर गेले की ते उघडून पुढच्या तुकड्याकडे न्या. सालीला धोका असेल तर बुंध्यांना वेगळी जाळी लावून मगच उघडा. हरणं आत गेली तरी तेव्हा ती फक्त खालचा पाला खातील.

आणि तीन-चार वर्षांनी कुंपणाच्या आतही रोपं वर आली नाहीत, तर दोष हरणांना देऊ नका. वर पाहा, छत किती दाट आहे आणि उजेड जमिनीपर्यंत येतो का. मग आसपास फिरून बघा, बी देणारी जुनी झाडं शिल्लक आहेत का, आणि मोठं बी वाहून नेणारे पक्षी-प्राणी तिथे अजून येतात का.